शनिवारी तपासा, रविवारी जोडा

प्रश्न: नागपूरला मनीषनगरात आमचं घर आहे. पोर्चमध्ये कार लावून बाजूला चार हात जागा उरते. माझी २०१२ ची स्प्लेंडर, २०१६ ची वॅगनआर आणि बाबांची १९८९ ची चेतक स्कूटर अशा तीन गाड्या आहेत. बाबा आता चालवत नाहीत, त्यामुळे चेतक काही वर्षांपासून ताडपत्रीखाली आहे. मला शनिवार-रविवार सुट्टी असते. बारीकसारीक दुरुस्ती घरीच करावी आणि जमलं तर चेतक पुन्हा रस्त्यावर आणावी असं मनात आहे. हत्यारं कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी, आणि कशाला हात लावू नये?

उत्तर:

हत्यारांचं मागाहून सांगतो, आधी वेळापत्रक. आपल्याकडे स्पेअरपार्टची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात आणि घरच्या गॅरेजचं सगळं गणित इथेच फसतं. माणूस रविवारी सकाळी चहा पिऊन उत्साहात गाडी खोलायला बसतो. अकरा वाजता गास्केट फाटतं किंवा बोल्टचे आटे जातात. घाट रोडला पार्टच्या बाजारात जावं तर शटर खाली. मग सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे आणि सोमवारी ऑफिसला ऑटोने जायचं. यात त्याच्या हाताचा दोष नसतो, वार चुकलेला असतो.

म्हणून शनिवारची सकाळ तपासणीला ठेवा, दुपार बाजाराला आणि रविवारची सकाळ जोडणीला. रविवारी जेवणानंतर नवीन काही खोलायचं नाही, फक्त बंद करायचं. आणि एका वेळी एकच गाडी उघडी. घरात एक चालती गाडी असली की हात शांत राहतो. घाईत घट्ट केलेल्या बोल्टचेच आटे जातात.

तपासणी म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. मी उमेदवारी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत केली. तक्रार कार्डावर लिहिल्याशिवाय तिथे गाडीला पाना लागत नसे. घरीही एक वही ठेवा. ‘गाडी बरोबर चालत नाही’ असं लिहून भागणार नाही. ‘सकाळी गार असताना चौथ्या किकला सुरू होते, गरम झाल्यावर पहिल्या किकला’ असं लिहा. एवढ्या एका वाक्यात अर्धं निदान झालेलं असतं. नाहीतर काय होतं? प्लग बदलला, फरक नाही. कॉइल बदलली, फरक नाही. मग कार्बोरेटर किट टाकली. शेवटी निघालं काय, तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं.

सुरू न होणाऱ्या पेट्रोल गाडीला तीनच गोष्टी विचारायच्या: पेट्रोल येतं का, ठिणगी पडते का, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे का. स्प्लेंडरच्या कार्बोरेटरखाली फ्लोटच्या वाटीला एक छोटा निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून बाटलीत धार घ्या, पेट्रोलचं उत्तर मिळालं. ती बाटली झाकण लावून दूर नेऊन ठेवा, मग प्लग काढा, कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळसर, मलूल ठिणगी म्हणजे प्लग, कॅप किंवा कॉइल. कॉम्प्रेशन मोजायला गेज मिळतो, पण प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली आणि अंगठा उडाला नाही, तर ते काम तुमचं नाही, मिस्त्रीचं आहे. हे सगळं अर्ध्या तासात होतं आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

आता हत्यारं. ऑनलाइन मिळणारी शंभर तुकड्यांची पेटी घेऊ नका. त्यातले ऐंशी तुकडे कधी बाहेर निघत नाहीत, आणि जे निघतात ते नट गोल करतात. आठ ते एकोणीस नंबरचे चांगल्या लोखंडाचे रिंग पाने, एक साधा गोटी पान्याचा संच, दोन प्लग पाने (चेतक आणि स्प्लेंडरचे प्लग वेगळ्या मापाचे), दांड्याला नीट पकड असलेले दोन स्टार आणि दोन चपटे पेचकस, पक्कड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टायरच्या हवेचा गेज आणि व्होल्ट मोजायला मल्टिमीटर. पैसे कमी असतील तर पाने हळूहळू घ्या, पण मल्टिमीटर पहिल्या दिवशी. बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच वर्षभराने घेतला तरी चालेल. एक गोष्ट मात्र कारखालच्या पहिल्या कामाआधी हवीच: जॅक स्टँडची जोडी. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या कारखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. पोर्चमधल्या टाइल्सवर स्टँड सरकतो, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. न उचललेल्या चाकांना पुढून-मागून विटा लावा. पण स्टँडऐवजी विटा रचू नका. आपल्याकडची वीट कधी दुभंगेल सांगता येत नाही.

वॅगनआरमध्ये करण्यासारखं फार नाही, आणि तेच बरं आहे. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपरचे रबर, बल्ब, बॅटरीची टोकं, चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅड किती उरलेत ते पाहणं. नागपूरच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधीच भरतो. दर दोन महिन्यांनी उजेडासमोर धरून पाहत जा. बॅटरीचा आजार आपल्याकडे थंडीत दिसतो, पण जडतो उन्हाळ्यात. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर झिजतात आणि डिसेंबरात एके सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे जेमतेम पाऊण भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे रिकामी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसायला हवं. त्याहून कमी दिसलं तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर आणि बेल्ट पाहायचा. बॅटरी सोडताना आधी ऋण टोक, लावताना ऋण टोक सगळ्यात शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग शॉर्ट होत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या भागातल्या पाण्यात क्षार इतके, की कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला तर मेच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा दिवा लागणारच. तयार मिसळलेला कूलंट घ्या, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.

चेक इंजिनचा दिवा लागला तर गाडीच्या ओबीडी सॉकेटला छोटा रीडर लावून मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचता येतो. वाचा जरूर. पण ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच मेला असं नाही. सायलेन्सरला गळती असेल, प्लग मिस होत असेल तरी तोच कोड येऊ शकतो. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे.

एअरबॅग आणि तिच्या पिवळ्या वायरी, एसीचा गॅस, स्टिअरिंग आणि इंजेक्शनची दाबाखालची पेट्रोलची नळी, या चार गोष्टींना घरी हात लावायचा नाही. ब्रेकचं ऑइल बदलणं शिकता येतं, पण पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवून. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं आणि उघडी राहिलेली बाटली वापरायची नाही. रंगावर सांडलं तर रंग उचलतं. लगेच पाणी ओता.

शिकायला खरी गाडी म्हणजे तुमची स्प्लेंडर. सगळं हाताला लागतं, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि बिघडलं तरी कोणताही मिस्त्री निस्तरून देतो. पहिल्या शनिवारी ऑइल बदला. गाडी पाच-सात मिनिटं चालवून आणा म्हणजे ऑइल पातळ होऊन सगळं उतरतं. खालचा सतरा नंबरचा बोल्ट सोडा, वायसर नवा टाका. साधारण ९०० मिली ऑइल लागतं. डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) लिहिलेलं पाहून घ्या. कारचं उरलेलं ऑइल वापरू नका. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे पदार्थ त्याला घसरवतात. बोल्ट परत लावताना आधी बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसतोय. इंजिनाचं अंग अॅल्युमिनियमचं आहे, बोल्ट पोलादी. जोर लावला तर जिंकणार बोल्टच.

दुसऱ्या शनिवारी चेन. मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक हाताने फिरवत चेन कुठे सगळ्यात जास्त ताणलेली आहे ते शोधा आणि ढील तिथे मोजा. खालच्या बाजूला मधोमध दोन ते तीन सेंटीमीटर वर-खाली हलली पाहिजे. पुष्कळ लोक सैल जागी मोजून घट्ट करतात, मग ताणलेल्या जागी चेन किंचाळते आणि बेअरिंग खाते. इंजिन सुरू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन पुसणारे काही भाऊ मी पाहिलेत. त्यातल्या एकाचं बोट आता अर्धं आहे. हवा सकाळी गार टायरमध्ये मोजा: एकट्यासाठी पुढे २५, मागे २८. मेमध्ये दुपारी पंपावर हवा पाहिली की गरम टायर जास्त दाखवतो, तुम्ही हवा काढता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला असतो.

आगीचं मी थोडं लांबवणार आहे, कारण नागपूरच्या पोर्चमध्ये धोका वेगळा आहे. पार्ट पेट्रोलने धुवायची आपल्याकडे सर्रास सवय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. आणि पोर्चच्या एका कोपऱ्यात काय असतं? डेझर्ट कूलर. त्याच्या मोटरची, पाण्याच्या पंपाच्या स्विचची, इन्व्हर्टरची एक ठिणगी पुरते. लोक म्हणतात, मग आम्ही डिझेलने किंवा रॉकेलने धुतो. एरवी ते बरं. पण या दोन्हींचा पेट घेण्याइतकी वाफ सुटण्याचा बिंदू आपल्या मानकांत किमान ३५ अंश धरलेला आहे, आणि मेमध्ये सावलीतलं तापमान ४५ च्या घरात जातं. एरवी सुरक्षित असलेलं डिझेल त्या दुपारी तितकं सुरक्षित राहत नाही. पाण्याने धुता येणारा डिग्रीजर घ्या, उघड्या अंगणात धुवा, कूलरचा प्लग भिंतीतून काढून ठेवा आणि कोरड्या पावडरचं आग विझवायचं नळकांडं हाताशी असू द्या. तसंही एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते नऊच काम होतं. त्यानंतर पाना हातात धरवत नाही.

हिवाळ्यात धोका उलटा. जानेवारीत पहाटे गारठा असतो म्हणून पोर्चचं शटर अर्धं ओढून इंजिन सुरू ठेवायचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं जड वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिन सुरू करायचं तर गाडीचं तोंड आत आणि सायलेन्सर बाहेर, शटर पूर्ण वर.

जुनं ऑइल नालीत ओतू नका. नाल्यातून ते नाग नदीत जातं, आणि तिच्यात आधीच कमी घाण नाही. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि ज्या वर्कशॉपचं जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं तिथे देऊन या. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

आता चेतक. पहिला रुपया खर्च करण्याआधी कागद पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. तुमची बहुधा केव्हाच संपली असेल. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नोंद दिसते का पाहा. जुन्या पुस्तकाची नोंद ऑनलाइन चढलेली नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. इंजिन आणि चेसिस नंबर पुस्तकाशी ताडून पाहा, नंबरावर गंज असेल तर हलक्या हाताने ब्रशने साफ करा, पॉलिश पेपर नको. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद लागते. गाडीच्या मूळ रचनेतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. तेव्हा दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि फटफट वाजणारा सायलेन्सर असल्या कल्पना डोक्यातून काढून टाका. एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळणारी गाडी आहे ती, मूळ रूपातच शोभते.

इतक्या दिवसांनी थेट किक मारू नका. प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी किक हाताने दाबून पाहा. सावकाश खाली गेली तर पिस्टन मोकळा आहे. अडली तर पायाने जोर करू नका, पुन्हा ऑइल टाका आणि पुढच्या शनिवारची वाट पाहा.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. टाकी बाहेर काढून आत टॉर्च मारा. गंज असेल तर पांढरं व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवा, मग पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि लगेच आत थोडं ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज दिसेल. नागपूरच्या उन्हाचा असा एक तरी उपयोग होतो. टाकी गळत असेल तर तिला घरी वेल्डिंग करायचं नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक.

पेट्रोलची नळी, कॉकचं गास्केट आणि कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई नवीन टाका, दिसायला चांगली असली तरी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर त्याला चालतील असे बनवलेत, १९८९ च्या चेतकचे नाहीत. ते फुगतात किंवा चिकट होतात. इथेनॉल ओलही धरतं, म्हणून महिन्यातून एकदा चालणाऱ्या गाडीत टाकी भरून ठेवू नका. दोन लिटर टाका, लिटरमागे २० मिली टू-टी मोजून घाला, आणि घरी आल्यावर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून गाडी आपोआप बंद पडू द्या. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालू नका. भोक रुंद झालं की मग कितीही ट्यून करा. कार्बोरेटर क्लीनर आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा पुरते.

तुमच्या गाडीला पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर फ्लायव्हीलच्या खिडकीतून दिसतात. इतक्या दिवसांत त्यांवर बुरशीसारखा थर आलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग कोऱ्या कागदाची पट्टी. फट पूर्ण उघडलेली असताना ०.४ मिमीच्या आसपास. निम्म्याहून जास्त ‘मेलेल्या’ चेतक मी एवढ्यावर उठलेल्या पाहिल्या आहेत.

चाकाचं फार नीट ऐका. चेतकची रिम दोन अर्ध्या भागांची, नट-बोल्टने जोडलेली असते. चाक ड्रमवरून काढायचे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना जोडणीचे नट सोडले तर रिम फुटल्यासारखी उडते. चाक काढायच्या आधीच व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडायची, म्हणजे चुकीच्या नटाला पाना लागला तरी निभावतं. टायर जुनेच असतील तर नक्षी कितीही असो, बदला. ब्रेक शू काढून पाहा. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर लायनर शूवरून सुटून ड्रममध्ये फिरत असतं.

गाडी सुरू झाली की घाईने सीताबर्डीच्या गर्दीत नेऊ नका. दहा मिनिटं मधल्या स्टँडवर चालू द्या आणि ऐका. अॅक्सिलेटर सोडल्यावरही इंजिन ओरडत राहिलं, तर मॅग्नेटोच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचं ऑइल सील वाळलंय आणि तिथून हवा ओढली जातेय. अशी गाडी चालवली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. पांढऱ्या धुराचे लोट थांबतच नसतील आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं सील गेलं. दोन्हीसाठी इंजिन खोलावं लागतं, आणि हे काम जुन्या चेतकवर हात बसलेल्या मिस्त्रीचं. महाल-इतवारीकडे विचारलंत तर असा एखादा म्हातारा मिस्त्री अजून सापडतो.

पण इंजिन उतरवणं तुमचं. सायलेन्सर, पेट्रोलची नळी, क्लच, गिअर, अॅक्सिलेटर, चोक आणि मागच्या ब्रेकच्या वायरी, विजेची जोडणी, शॉकअॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आणि पुढचा मोठा लांब बोल्ट, एवढं सुटलं की इंजिन चाकासकट खाली येतं. सोडण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो काढा, गिअरच्या दोन वायरींना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, आणि उचलायला दोन माणसं घ्या. मिस्त्रीकडे नुसतं इंजिन गेलं की तो मजुरीही कमी घेतो आणि तुमची गाडी त्याच्या दारात पावसात उभी राहत नाही. नेताना कार्बोरेटर मात्र काढून घरीच ठेवा. तो तुम्ही साफ केलेला आहे, त्याला पुन्हा कुणाची तार लागायला नको.